पोकर टूर्नामेंट खेळणं हाच व्यवसाय असतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टूर्नामेंट पोकर खेळून पोट भरते. त्यावरून मला पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं नो-लिमिट (म्हणजे कधीही आपल्या सगळ्या चिप्स लावता येणाऱ्या) टेक्सस होल्डेमविषयी आहे. प्रत्येकाकडे दोन बंद पत्ते, मधे पाच उघडे, त्यांतून पाच पत्त्यांचा सर्वांत चांगला हात बनवायचा, एवढं माहीत असलं की पुढचं समजेल. नियमांबाबत बहुतेक ठिकाणी चालतं ते लिहिलं आहे. आयोजकांचं नियमपत्रक वेगळं सांगत असेल तर तेच खरं धरा.

१. टूर्नामेंट आणि कॅश गेम यांत फरक काय? पत्ते तर तेच ना?

पत्ते तेच, हिशेब वेगळा. कॅश गेममध्ये समोरची चिप म्हणजे रोख पैसा. वाटेल तेव्हा उठा, चिप्स मोडा, घरी जा. टूर्नामेंटमध्ये प्रवेश फी एकदा भरली की ती गेली. बदल्यात मिळालेल्या चिप्सना बाहेर काडीची किंमत नसते, आणि त्या संपल्या की तुम्ही बाद. शिवाय ब्लाइंड (प्रत्येक डावात दोघांनी आळीपाळीने सक्तीने लावायच्या चिप्स, त्यांतली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड) ठरावीक वेळाने वाढत राहतात, त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसून राहायची सोय नसते. शेवटी सगळ्या चिप्स एकाच खेळाडूकडे येतात, पण बक्षिसाचे सगळे पैसे मात्र त्याला मिळत नाहीत, ते वरच्या क्रमांकांत वाटले जातात. टूर्नामेंटमधली निम्मी डोकेदुखी इथेच सुरू होते. ती प्रश्न १० मध्ये आहे.

२. एक टूर्नामेंट किती वेळ चालते?

ऑनलाइन असेल तर काही तास. समोरासमोरच्या मोठ्या टूर्नामेंट तीन-चार दिवस चालतात. लास वेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट जवळजवळ दोन आठवडे लांबतो, कारण तिथे एकेक लेव्हल (ब्लाइंड न वाढता चालणारा टप्पा) दोन तासांची असते आणि खेळायला येणारे भरपूर. २०२४ मध्ये १०,११२ प्रवेशिका होत्या. दिवसाला पाच लेव्हल म्हणजे दहा तास पत्ते, मधल्या सुट्ट्या वेगळ्या.

पाहणाऱ्याला वाटतं की सतत थरार चालू असेल. खरं तर टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात आणि त्यांतले बहुतेक आपण पहिल्याच फेरीत, मधले पत्ते उघडण्याआधी, टाकून देतो, म्हणजे त्या डावातून बाहेर पडतो. उरलेला वेळ दुसऱ्यांचे डाव बघण्यात जातो. फोन न काढता ते बघत राहणं, हाच या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत कमाईचा भाग.

रात्री खेळ थांबला की आपल्या चिप्स आपणच मोजायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत भरायच्या, नाव आणि आकडा लिहून सही करायची आणि पिशवी चिकटवून द्यायची. सकाळी ती नव्या टेबलावर, नव्या खुर्चीसमोर ठेवलेली असते.

३. तुम्ही किती वेळा जिंकता?

क्वचित. हजार जणांच्या टूर्नामेंटमध्ये सगळे सारखेच चांगले असतील, तर प्रत्येकाला जिंकण्याची हजारात एक संधी. मी बाकीच्यांच्या दुप्पट चांगली आहे असं धरा (फारच उदारपणे धरा), तरी पाचशेत एक. महिन्याला अशा वीस टूर्नामेंट खेळल्या तर सरासरीने दोन वर्षांत जेमतेम एक विजेतेपद पदरात पडतं.

बक्षीस साधारण वरच्या दहा ते पंधरा टक्के लोकांना मिळतं. चांगल्या खेळाडूचं प्रमाण याहून थोडं बरं असतं, पण म्हणजे तोसुद्धा बहुतेक दिवशी रिकाम्या हातानेच उठतो. माझं रोजचं काम बाद होण्याचं आहे. बाद व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच थंड डोक्याने पुन्हा बसायचं. त्यात बक्षिसांची रक्कम पहिल्या काही क्रमांकांत एकवटलेली असते, म्हणून वर्षाची कमाई एक-दोन मोठ्या निकालांवर तगते. ते निकाल त्या वर्षी आले नाहीत तर उत्तम खेळूनही वर्ष तोट्यात जातं. हे ज्यांना सहन होत नाही ते कॅश गेमकडे वळतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

४. म्हणजे हा नशिबाचाच खेळ झाला ना?

एका दिवसापुरता बऱ्याच अंशी हो. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. ती आली, समोर राजांची जोडी निघाली आणि दोघांनी सगळ्या चिप्स लावल्या, तरी एक्के जिंकतात ते ८२ टक्के वेळा. अशी संधी लागोपाठ पाचदा मिळाली, तरी पाचही वेळा जिंकण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास. आणि टूर्नामेंट जिंकायची तर राण्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा असल्या, जवळजवळ नाणेफेक म्हणाव्या अशा लढतीही मारून न्याव्या लागतात.

डॉइल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोन वर्षं मेन इव्हेंट जिंकला. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात होती दश्शी आणि दुर्री. तो हात आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, पण म्हणून कोणी शहाणा माणूस तो खेळायला जात नाही.

कौशल्य दिसायला डावांचा ढीग लागतो. कोणता हात टाकला, किती चिप्स लावल्या, कोणासमोर लावल्या, हे छोटे निर्णय हजारो डावांत साचत जातात. फिल हेलम्युथ यांनी वर्ल्ड सिरीजचं पहिलं ब्रेसलेट (तिथली टूर्नामेंट जिंकणाऱ्याला मिळतं ते) १९८९ मध्ये मिळवलं, सतरावं २०२३ मध्ये. चौतीस वर्षं पुरेल एवढं नशीब कोणाकडे नसतं.

५. बातमीत मोठ्ठा आकडा येतो. ते सगळे पैसे तुम्हाला मिळतात का?

नाही. खेळाडूंच्या नावापुढे जी एकूण कमाई दिसते ती फक्त मिळालेल्या बक्षिसांची बेरीज असते. भरलेल्या प्रवेश फी त्यातून वजा झालेल्या नसतात. एखाद्याने वर्षभरात दहा लाखांची बक्षिसं घेतली आणि अकरा लाखांच्या फी भरल्या, तरी यादीत तो दहा लाखांचा विजेताच दिसतो. वर प्रवास, हॉटेल, कर. आणि हिस्सा विकलेला असेल (प्रश्न ६) तर बक्षिसाचा मोठा वाटा दुसऱ्याच कोणाचा असतो. ट्रॉफीसोबतच्या फोटोवरून कोणाची सांपत्तिक स्थिती ठरवू नका.

६. हिस्सा विकणं, स्टेकिंग, मेकअप म्हणजे काय?

मोठ्या टूर्नामेंटची फी एकट्याने भरणारे खेळाडू तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच कमी आहेत. समजा फी १,००० आहे. मी माझा निम्मा हिस्सा विकायला काढते आणि माझ्या खेळावर भरवसा असेल तर थोडा चढा दर लावते, म्हणजे ५०० चा हिस्सा ६०० ला. ही जी वाढ, तिला मार्कअप म्हणतात. माझ्या खिशातून ४०० जातात आणि बक्षीस मिळालं तर निम्मं हिस्सेदारांना. मार्कअप फार लावणाऱ्याकडून हिस्सा घेऊ नये. आपल्या खेळाची किंमत प्रत्येकाला जरा जास्तच वाटते, त्यात मीही आले.

स्टेकिंगमध्ये गुंतवणूकदार वर्षभराच्या सगळ्या फी भरतो आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा झाला की तो खात्यावर चढत जातो, हाच मेकअप. पुढच्या बक्षिसातून आधी तो फेडायचा, उरलं तर वाटणी. खोल मेकअपमध्ये गेलेला खेळाडू मोठं बक्षीस जिंकूनही हाताला काही न लागता घरी जातो, आणि बघणारे त्याच्याकडे पार्टी मागतात.

दोन्हींचं लेखी ठेवा. मित्रांमधली भांडणं खेळावरून होत नाहीत, "आपलं ठरलं होतं ना" यावरून होतात.

७. हे करायला किती पैसे गाठीशी हवेत?

घरखर्चाचे पैसे वेगळे, खेळाचे वेगळे, हे पहिलं. खेळाच्या पैशांतून नेहमीच्या टूर्नामेंटच्या किमान शंभर फी निघाल्या पाहिजेत. हजारोंच्या गर्दीच्या टूर्नामेंट खेळत असाल तर दोनशे. कारण प्रश्न ३ मधलाच: बक्षिसं इतकी दूरदूर येतात की तोवर टिकून राहावं लागतं. रक्कम खाली गेली की मुकाट्याने छोट्या फीच्या टूर्नामेंटमध्ये उतरायचं. "एकदा मोठी मारली की सगळं वसूल" असं म्हणत वर चढणारे मी पुष्कळ पाहिले, ते आता टेबलावर दिसत नाहीत.

८. बाद झाल्यावर री-एंट्री (फी भरून पुन्हा प्रवेश) घ्यावी का?

बाद होण्याआधीच ठरवून ठेवा. बाद झाल्यावरच्या पाच मिनिटांत माणूस धड विचार करत नाही. उशिरा घेतलेल्या री-एंट्रीत फी पूर्ण भरावी लागते, पण ब्लाइंड वाढलेले असल्याने मिळालेला स्टॅक (आपल्यासमोरचा चिप्सचा साठा) तुटपुंजा ठरतो. पंधरा-वीस बिग ब्लाइंडच उरणार असतील तर मी सहसा घेत नाही.

९. बबल म्हणजे काय? तेव्हा सगळे इतके हळू का खेळतात?

बक्षिसं सुरू व्हायच्या अगदी आधीची वेळ. शंभर जणांना पैसे मिळणार असतील आणि एकशेएक उरले असतील, तर पुढचा बाद होणारा हात हलवत जाणार. मेन इव्हेंटची फी १०,००० डॉलर आणि अलीकडच्या वर्षांत सर्वांत खालचं बक्षीस १५,००० डॉलर. तिथे कित्येक दिवस बसून हातातोंडाशी आलेला घास कोणाला सोडायचा असतो?

त्यामुळे छोट्या स्टॅकचे खेळाडू वेळ काढायला बघतात: दुसऱ्या टेबलावर कोणीतरी आधी बाद व्हावं. हे थांबवायला 'हँड फॉर हँड' लावतात. सगळ्या टेबलांवर एकेकच डाव वाटला जातो आणि सगळीकडचा संपेपर्यंत पुढचा सुरू होत नाही. एखाद्या डावात सगळ्या चिप्स मधे गेल्या की पळत आलेले लोक खुर्च्यांवर चढून बघतात.

मोठा स्टॅक असेल तर हीच कमाईची वेळ. बाकीचे जीव मुठीत धरून बसलेले असताना प्रत्येक डावात रेझ करायचं (आधीच्यापेक्षा जास्त चिप्स लावायच्या), ते पत्ते टाकतात. निर्दयपणा वाटेल, पण मधल्या स्टॅकचे खेळाडू तुम्हाला ते करू देतात हे खरं.

१०. चिप्स दुप्पट झाल्या म्हणजे किंमतही दुप्पट ना?

नाही. नवख्यांना पटायला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच, म्हणून आकडे देते.

तिघे उरले आहेत. बक्षिसाचे १०० रुपये आहेत: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. तुमच्याकडे एकूण चिप्सच्या निम्म्या आहेत, बाकी दोघांकडे ३० आणि २० टक्के. निम्म्या चिप्स म्हणजे ५० रुपये? तेवढे तर पहिल्याला मिळतात, आणि तुम्ही अजून जिंकलेला नाहीत. चिप्सच्या प्रमाणावरून तुम्ही पहिले येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरे येण्याची सुमारे ३४, तिसरे येण्याची सुमारे १६. गुणाकार करून बेरीज केली की किंमत निघते ३८ रुपये आणि थोडे पैसे. ही पद्धत आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) नावाने ओळखली जाते.

मथितार्थ असा की गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते. कॅश गेममध्ये ५५ टक्के जिंकण्याची संधी आनंदाने घ्यावी. टूर्नामेंटमध्ये, विशेषतः फायनल टेबलवर तुमच्याहून छोटे स्टॅक शिल्लक असताना, तीच संधी घेणं तोट्याचं ठरू शकतं. बघणारे म्हणतात, घाबरली. म्हणू देत.

११. हातात एक्क्यांची जोडी असताना पत्ते टाकणं कधी बरोबर असतं का?

असतं, सॅटेलाइटमध्ये. सॅटेलाइट म्हणजे जिचं बक्षीस मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट असतं ती छोटी टूर्नामेंट. ख्रिस मनीमेकर हे अकाउंटंट अशाच, शंभर डॉलरहून कमी फीच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून २००३ च्या मेन इव्हेंटमध्ये पोहोचले आणि २५ लाख डॉलर जिंकले. पुढे जी गर्दी लोटली तिची सुरुवात तिथूनच.

समजा दहा तिकिटं आहेत आणि अकरा जण उरलेत. तुमचा स्टॅक मोठा, एकाकडे जेमतेम एक ब्लाइंड उरलेला. तुमच्याहून मोठा स्टॅकवाला ऑल-इन म्हणतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो, आणि तुम्ही पत्ते उचलून बघता तर दोन एक्के. कॉल केलात (त्याच्या बरोबरीने चिप्स लावल्यात) तर पंधरा-वीस टक्के वेळा बाद. टाकलेत तर तिकीट जवळजवळ नक्की. जिंकून दुसरं तिकीट मिळत नाही. टाका.

सॅटेलाइट सोडून, पहिल्या फेरीत एक्के टाकायची वेळ इतकी विरळ येते की तिचा विचारच करू नका.

१२. समोरच्याचा चेहरा वाचता येतो का?

थोडाफार, पण चेहऱ्यापेक्षा मी चिप्स लावायला किती वेळ घेतला आणि किती लावल्या ते बघते. नेहमी अर्ध्या पॉटएवढं (मधे जमलेल्या चिप्सच्या निम्मं) लावणारा माणूस अचानक दुप्पट लावतो, ते हात थरथरण्यापेक्षा जास्त सांगून जातं. थरथर बहुधा चांगल्या पत्त्यांचीच असते, हे मात्र खरं.

पत्त्यांवाचूनही किती खेळता येतं याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण अॅनेट ओब्रेस्टाड. त्यांनी १८० जणांची एक ऑनलाइन टूर्नामेंट फक्त एका डावात स्वतःचे पत्ते बघून जिंकली. २००७ मध्ये वर्ल्ड सिरीज युरोपचा मेन इव्हेंट जिंकला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्याही नव्हत्या.

१३. आता सगळं कॉम्प्युटर शिकवतो ना?

अभ्यासात, हो. सॉल्व्हर नावाचे प्रोग्रॅम एखाद्या परिस्थितीत कोणता हात किती वेळा कसा खेळावा याचं उत्तर काढून देतात. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवलं, तेव्हा माणूस वरचढ की प्रोग्रॅम हा वाद संपला. खेळ चालू असताना अशी मदत घेणं ही सरळ फसवणूक आहे.

मात्र सॉल्व्हरचं उत्तर समोरचाही अचूक खेळतो असं गृहीत धरतं. माझ्या टेबलावरचे बहुतेक लोक तसे खेळत नाहीत, मीही अकराव्या तासाला खेळत नाही. कोण कधी डगमगतो हे अजून बसूनच कळतं.

१४. वाईट तऱ्हेने हरल्यावर काय करता?

चालायला जाते. डाव लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बघते, त्याच रात्री नाही. टेबलावर असताना राग आला तर पुढचे दोन-तीन डाव पत्ते टाकते. हरल्याची गोष्ट सांगत बसत नाही, कारण प्रत्येकाकडे स्वतःची असते आणि तो फक्त तुमची संपायची वाट बघत असतो.

१५. नोकरी सोडून यात यावं का? आणि हे व्यसन नाही का?

पहिल्याचं उत्तर: सोडू नका. नोकरी सांभाळून खेळा, फीसकट प्रत्येक टूर्नामेंटची नोंद ठेवा, आणि शंभर-दोनशे नव्हे, हजार-दोन हजार टूर्नामेंटनंतर आकडे काय म्हणतात ते बघा. त्याआधीचा नफा नशिबाचाही असू शकतो. पगार, रजा, निवृत्तिवेतन यांतलं काही इथे नाही, आणि तुमची संध्याकाळ घरच्यांच्या संध्याकाळीशी कधीच जुळत नाही. जिथे खेळता तिथला कायदा आणि कर आधी तपासा, देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसऱ्याचं: काही लोकांसाठी नक्कीच आहे. गमावलेले परत मिळवायला खेळणं, घरी आकडा लपवणं, उसने पैसे लावणं, यांतलं एक जरी घडत असेल तर तो पोकरचा प्रश्न उरत नाही. खेळ थांबवून समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. प्रश्न ७ मधला हिशेब त्या अवस्थेत कामाचा नाही.

१६. पहिल्यांदाच समोरासमोर खेळणार आहे. नियमांत कुठे फसायला होतं?

तोंडाने म्हटलेलं बांधील असतं. आपल्या पाळीला "रेझ" म्हणालात की रेझ करावंच लागतं. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात: बिग ब्लाइंड १,००० असताना ५,००० ची चिप टाकून तुम्हाला रेझ करायचा होता, तरी तुम्ही १,००० च लावले. चिप्स दोन खेपांत सरकवू नका, पहिली खेपच मोजली जाते. मोठ्या चिप्स पुढे, दिसतील अशा ठेवा.

अवघड अपवाद हा: पहिल्याने १,००० लावले, दुसऱ्याने कॉल केला, तिसरा १,४०० ला ऑल-इन गेला. ही ४०० ची वाढ पूर्ण रेझएवढी (इथे आणखी १,०००) नाही, म्हणून पहिल्या दोघांना आता फक्त कॉल करता येतो किंवा पत्ते टाकता येतात, पुन्हा रेझ करता येत नाही. मात्र अशा तोकड्या ऑल-इन एकापाठोपाठ येऊन बेरीज पूर्ण रेझएवढी झाली तर दार पुन्हा उघडतं. शंका आली की डीलरशी वाद न घालता 'फ्लोअर'ला (टूर्नामेंटच्या पंचाला) बोलवा.

जॅक स्ट्रॉस यांची हकिगत या संदर्भात सांगतात. १९८२ च्या मेन इव्हेंटमध्ये सगळं हरले असं वाटून ते उठले, तर एक चिप शिल्लक निघाली. तोंडाने ऑल-इन म्हटलं नव्हतं, म्हणून ती त्यांचीच राहिली. तिच्यावरून ते ती टूर्नामेंट जिंकले.

१७. एकाच डावात दोघे बाद झाले तर वरचा क्रमांक कोणाला?

एकाच टेबलावर असतील तर डाव सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या त्याला. हँड फॉर हँड चालू असताना (प्रश्न ९) वेगवेगळ्या टेबलांवर बाद झाले तर दोघांचा क्रमांक एकच धरतात आणि त्या जागांची बक्षिसं एकत्र करून सारखी वाटतात.

१८. फायनल टेबलवर बक्षीस आपसात वाटून घेतात म्हणे?

आयोजकांची परवानगी असेल आणि उरलेल्या प्रत्येकाची संमती असेल तर. एकाने नाही म्हटलं की विषय संपला, आणि त्याच्यावर दबाव आणणं असभ्य मानतात. वाटणी चिप्सच्या प्रमाणात किंवा आयसीएमने होते. चिप्सचं प्रमाण मोठ्या स्टॅकला फायद्याचं असतं, का ते प्रश्न १० मध्ये आलं आहे. छोटा स्टॅक असेल तर "चिप्सप्रमाणेच करू ना, सोपं पडतं" या सुचवणीला मान डोलावू नका. बहुधा थोडी रक्कम पहिल्या क्रमांकासाठी बाजूला ठेवून खेळ पुढे चालू राहतो.

१९. फी भरलेला खेळाडू आलाच नाही किंवा मधेच निघून गेला तर?

त्याचा स्टॅक टेबलावर राहतो. पत्ते वाटले जातात, पाळी आली की त्याच्या चिप्समधून ब्लाइंड आणि अँटी (डावासाठीची आणखी एक सक्तीची रक्कम) कापले जातात आणि हात रद्द होतो. तुम्ही दोन मिनिटं बाहेर गेलात तरी हेच: वाटप पूर्ण होताना खुर्चीत नसाल तर तो हात गेला. दाराशी उभं राहून "आले, आले" म्हटलेलं चालत नाही.

सुरुवातीचे स्टॅक मोठे असतील तर रिकाम्या खुर्चीतल्या चिप्स बराच काळ पुरतात. बबलच्या आसपास बाकीचे पटापट बाद होत असतील तर अशी खुर्ची बक्षिसातही पोहोचते. ते बक्षीस त्या खेळाडूचंच असतं, ओळखपत्र दाखवून त्यालाच घ्यावं लागतं, शेजारच्याला किंवा मित्राला मिळत नाही.